इवाईच्या पाठीवरचं ग्रहण

सन दोन हजार बावीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्यापाशी कामाचा एकच डोळा होता. डावा डोळा तुमसरच्या राइस मिलमध्ये गेला. धानाचं कुसळ उडून आत बसलं, मी चोळलं, वरून गुलाबपाणी टाकलं, आणि डॉक्टरकडे पोचलो तोवर बुबुळावर फूल पडलं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तो त्या वर्षी काढला. तेव्हा दवाखान्यातून मला काळा चष्मा मिळाला. बाजूनंही बंद. तो घातला की भर दुपारचं ऊन दिवेलागणीसारखं वाटे. त्या चष्म्यावर माझा फार जीव. डॉक्टरनं दिलेला, म्हणजे पक्का.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं आयुष्य मिलच्या पट्ट्यात आणि कोंड्यात गेलं. तेव्हा हे जे लिहितो ते कुठं वाचून नाही, जाऊन पाहून लिहितो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण होतं. ग्रहण मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. लहानपणी माय आतल्या खोलीत कोंडायची. मोठा झालो तर बायको दाराला कडी घालायची. आता दोघीही नाहीत. मुलाला म्हटलं, यंदा मी पाहणार. तो म्हणाला, "बाबा, एकच डोळा राहिला तुमचा. त्याच्याशी खेळून राहिले का?" मुलानं मला शिकवावं हे मला आवडत नाही. मी त्याच दिवशी पिशवी भरली आणि मुलीकडे रायपूरला निघालो. तिचं घर तेलीबांधा तलावाच्या काठी आहे. ग्रहण मावळतीला लागणार होतं, आणि तिच्या बाजूच्या काठावरून पाण्यापलीकडे सूर्य बुडताना थेट दिसतो.

एकच अडचण होती. तिथं माझे इवाई राहतात. मुलीचा सासरा म्हणजे व्याही, आमच्याकडे इवाई म्हणतात. लग्नाच्या बैठकीपासून हा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत नाही. बोलतो गोड, पण नजर माझ्या कानाच्या पलीकडे. जसं माझ्यामागं कोणी मोठा माणूस उभा आहे आणि बोलणं त्याच्याशी चाललंय. मिलमधल्या माणसाची पोरगी केली, म्हणून हा तोरा, असं मी समजलो. म्हणून इतक्या वर्षांत त्या घरी मी मुक्काम केला नव्हता. चहा प्यायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची.

रविवार

गाडीचं काय सांगू, गर्दी होती. गोंदिया गेलं, डोंगरगढची देवी डोंगरावर दिसली, लोकांनी खिडकीतूनच हात जोडले. तिथून पुढं डब्यातली बोली बदलते. "हो"चं "हव" होते. शेजारच्या बाईनं डबा उघडून ठेठरी दिली. बेसनाची, पीळ घातलेली, आपल्या चकलीची थोरली बहीण समजा, पण काटे नाहीत. दात असलेल्या माणसानं खावी.

दुर्गला ऊन तोंडावर आलं म्हणून मी काळा चष्मा घातला. तर एक पोरगी उठली, माझा हात धरला आणि खिडकीची जागा मला देऊन म्हणाली, "बाबा, इधर बैठिए, आराम से, संभल के." तिला मी आंधळा वाटलो. मी म्हटलं, "बेटी, मैं सब देखता हूं." ती म्हणाली, "हव बाबा, मन की आंखों से." डबा भक्तिभावानं माझ्याकडे पाहू लागला. जागा चांगली होती. मी बसून घेतलं.

स्टेशनवर वंदना, माझी मुलगी, घ्यायला आली होती. घरी पोचलो तर इवाई दारात उभे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, अंगानं बारीक. हात जोडले आणि माझ्या उजव्या कानाला म्हणाले, "या इवाईबुवा. प्रवास बरा झाला?"

मी म्हटलं, "झाला." आणि आत गेलो.

जेवायला फरे होते. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वर तीळ-मिरचीची फोडणी. आपल्याकडे तांदूळ एवढा पिकतो, पण पिठाचं हे कोणाला सुचलं नाही. इहीणबाई, म्हणजे विहीणबाई, वाढत होत्या. त्यांचा जन्म रायपूरचाच, मराठी बोलता बोलता हिंदीत उतरतात आणि परत चढतात. "अवो घ्या ना, शरमाते काहून?" मी चार घेतले. सांगायचं म्हणजे, त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सोमवार, लक्ष्मीपूजन

सकाळी इवाई म्हणाले, "चला, बाजार दाखवतो." नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सदर बाजारात त्यांचं घड्याळाचं छोटं दुकान आहे. एके काळी ते स्वतः घड्याळं दुरुस्त करायचे, मोठं नाव होतं म्हणतात. मग कधीतरी ते काम सोडलं. आता पट्टे, सेल, भिंतीवरची घड्याळं विकतात. मी विचारलं, काहून सोडलं? तर म्हणाले, "कंबर धरते, बसवत नाही." दुकानात ते स्टुलावर तासभर ताठ बसले होते.

तिथून गोल बाजारात. रांगोळी, लाह्या, पणत्या, आणि मातीची ग्वालिन. डोक्यावर, हातावर दिवे घेतलेली बाई. इथं ती लक्ष्मीशेजारी ठेवतात. आपल्याकडे ही बाई नाही. मला आवडली, मी तुमसरसाठी एक घेतली. गर्दी एवढी की स्कूटरचं हँडल माझ्या पिशवीत घुसलं आणि ग्वालिनीचा एक हात तिथंच राहिला.

रस्त्यात एका कापडवाल्यानं समोरून हात हलवला. चांगला उंच करून. इवाई सरळ पुढं गेले. त्यानं मागून हाक मारली, "अरे भैया, नाराज हो क्या?" तेव्हा कुठं थांबले, आवाजाकडे वळले आणि गळ्यात पडले. मी मनात म्हटलं, वा. नमस्कारही यांना हाक मारून करायचा.

संध्याकाळी पूजा झाली. जावयानं ग्रहणाचे खास चष्मे मागवले होते, ते दिवाळीच्या गर्दीत कुठं तरी अडकले. "बाबूजी, कल तक नहीं आएंगे," तो बिचारा म्हणाला. जावई चांगला आहे, मराठी सगळं समजतो, उत्तर हिंदीत देतो. मी खिशातून माझा काळा चष्मा काढला. "मले नाही लागत. माझ्यापाशी डॉक्टरचा आहे."

इवाईंनी मान वळवली.

मंगळवार, ग्रहण

पहाटेपासून वेध. इहीणबाईंनी दुधात, लोणच्यात, फराळाच्या डब्यात तुळशीपत्र टाकलं आणि स्वयंपाकघर बंद केलं. इथवर आपल्यासारखंच. म्हाताऱ्यांना खायची मोकळीक असते, पण मी म्हातारा नाही असं आदल्या दिवशीच बोलून बसलो होतो, त्यामुळे उपाशी राहिलो.

दुपारी त्यांनी पितळेच्या परातीत पाणी घेतलं आणि त्यात मुसळ उभं केलं. हात काढला. मुसळ उभंच.

"पाहा," त्या म्हणाल्या, "ग्रहण सुटलं की आपोआप पडते."

मी म्हटलं, "बूड सपाट आहे. कोण्याही दिवशी उभं राहील."

"मंग राहवून दाखवा कोण्याही दिवशी!"

दोन दिवसांनी दाखवलं. राहिलं. तर म्हणाल्या, मुसळाले सवय लागली असंल.

मग वंदना माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे तिच्या मायसारखे आहेत, भांडणाआधी मोठे होतात.

"बाबा, तुम्ही त्या चष्म्यानं सूर्य पाहणार नाही."

"पाहीन."

"तो उन्हासाठी आहे. सूर्य पाहासाठी नाही."

"ऊन कुठून येते? घासलेटच्या डब्यातून?"

"बाबा, काही झालं तर दुसरा डोळा आहे का तुमच्यापाशी?"

इहीणबाईंनी मध्ये पडून तोड काढली. परातीत हळदीचं पाणी करू, त्यात पाहा, आमच्या मायक्यात असंच पाहायचे. तेवढ्यात कोपऱ्यातून इवाई मोठ्यानं म्हणाले, "नाही. पाण्यातही सूर्यच राहते."

त्या घरात मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. मला राग आला. बोलायचं माझ्यासाठी आणि पाहायचं भिंतीकडे!

ऊन कलायला लागलं तसा मी चपला घातल्या. वंदना रडवेली झाली. इवाई उठले, स्वयंपाकघरात गेले, कापडी पिशवी काखोटीला मारून बाहेर आले. "मी जातो यांच्यासंगं," म्हणाले. इहीणबाईंच्या हातातली माळ थांबली. "तुम्ही? ग्रहणात?" नंतर कळलं, एका ग्रहणानंतर हा माणूस दुसऱ्या कोणत्याच ग्रहणात घराबाहेर पडला नव्हता.

तलावाच्या काठाला इथले लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. म्हणोत. फरसबंदी चांगली आहे, बाकं आहेत, भेळ-चाटच्या गाड्या असतात, पण त्या दिवशी बंद होत्या. निम्मं शहर घरात आणि उरलेलं काठावर. कोणी मोबाइल वर धरलेला, कोणी बोटांच्या फटीतून पाहतोय. एक जण एक्सरेची फिल्म डोळ्यावर धरून बायकोला सांगत होता, "कुछ नहीं होता, ठंडा दिखता है."

सूर्य पलीकडच्या इमारतींच्या वर हातभर उरला होता. तांबूस, मऊ. पाण्यावर त्याचा लांब पट्टा पडलेला. मी काळा चष्मा चढवला आणि मान वर केली.

दिसलं. खरं सांगतो, दिसलं. गोळ्याच्या कडेला काही तरी कमी होतं. डोळ्याला ना कळ, ना पाणी. मला वाटलं, हेच का ते, ज्यासाठी मायनं मला कोंडलं?

आणि एकदम अंधार झाला. इवाईंनी त्यांचा पंजा माझ्या चष्म्यावर ठेवला होता.

मी हात झटकला. "हे काय इवाईबुवा? लहान लेकरू समजता का मले?"

त्यांनी हात परत ठेवला. बारीक माणूस, पण जोर होता. मला खांद्याला धरून वळवलं, सूर्याकडे पाठ करून. "एक सांगा," म्हणाले. "या चष्म्यातून माझं तोंड दिसते का तुम्हाले?"

मी पाहिलं. "दिसते. काहून नाही दिसणार?"

"मंग हा सूर्यासाठी नाही. ज्यातून माणसाचं तोंड दिसते, त्यातून सूर्य पाहू नये. ग्रहणाचा खरा चष्मा घातला की सूर्य सोडून काहीच दिसत नाही. अंधारघुप्प." मग माझ्या कानाकडे पाहत हळूच म्हणाले, "मले तुमचं तोंड दिसत नाही, इवाईबुवा. पहिल्या दिवसापासून दिसलं नाही."

मी चष्मा काढला.

मग त्यांनी सांगितलं, तिथंच, कठड्याला टेकून. पंच्याण्णव सालचं ग्रहण, तेही दिवाळीतलंच. दुकानाच्या गच्चीवर चढून त्यांनी ते आईच्या छातीच्या एक्सरेतून पाहिलं. पोटभर पाहिलं. "काही दुखलं नाही. उलट मस्त वाटलं. डोळा जळताना कळतच नाही, इवाईबुवा, आत दुखणारी जागाच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात घड्याळ खोललं, तर मधलं चक्र गायब. बाजूचे स्क्रू दिसून राहिले, चिमटा दिसून राहिला, अन् जिथं पाहीन तिथंच भोक." डॉक्टर म्हणाले, थोडं भरून येईल. थोडंच आलं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग राहिला. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे सरळ पाहावं तो नाहीसा होतो.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"आंधळ्या घड्याळवाल्याकडे घड्याळ कोण देईल? अन् पोराचं लगन व्हायचं होतं. घरच्यांले माहीत होतं. सूनबाईले आम्ही लगनानंतर सांगितलं. तिले म्हटलं, तुझ्या बाबाले नको सांगू. फसवलं म्हणतील."

"अन् माझ्या कानाकडे काय पाहता?"

ते हसले. "कानाकडे पाहिलं तर तोंड कडेला येते. तेव्हा थोडं थोडं दिसते. मिशी आहे एवढं माहीत आहे मले."

म्हणजे तो तोरा नव्हता. तो माणूस इतकी वर्षं जीव एकवटून मला पाहायला बघत होता. त्यांनी आधीच सांगायला पाहिजे होतं. चूक त्यांचीच, हे मी आजही म्हणतो. पण तेव्हा मी त्या एक्सरेवाल्या माणसाकडे गेलो, त्याच्या हातातली फिल्म ओढली आणि म्हटलं, "भैया, घर जा. मेरे समधी को देख, इसी से देखा था." बायको त्याच्यावर तुटून पडली, मला काही करावं लागलं नाही.

परत आलो तर इवाईंनी पिशवीतून झारा काढला होता. बुंदी पाडायचा, लोखंडी, लांब दांड्याचा. वेधात स्वयंपाकघरातून चोरून आणलेला. "हिले कळलं तर मलेच तळून काढंल," म्हणाले. "धरा. सूर्याकडे पाठ ठेवा. झारा खांद्याच्या वर, अन् उजेड माझ्या पाठीवर पडू द्या. तिकडं वळायचं नाही बिलकुल."

ते माझ्यापुढं दोन पावलांवर पाठमोरे उभे राहिले. मी झारा वर धरला. सूर्य एवढा खाली होता की उजेड आडवा येत होता. झाऱ्याची सावली त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली आणि सावलीत भोकांचे ठिपके. मला वाटलं गोल असतील, भोकं गोल होती. पण एकही ठिपका गोल नव्हता. प्रत्येकाला एकाच बाजूनं चावा. जसे ताटभर पेढे मांडले आणि एकाच चोरानं सगळे उष्टे केले. एका सदऱ्यावर तीसचाळीस सूर्य, आणि सगळ्यांना ग्रहण.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"कसं आहे?"

मी सांगू लागलो. माझ्याकडे शब्द कमी आहेत, पण होते तेवढे वापरले. चावा वाढतोय, वरचा कोपरा टोकदार होतोय, वारा आला की तुमच्या सदऱ्यासंगं सगळे सूर्य हलतात. मग माझंच मला वाटलं, हे काय, हा माणूस इथं आणून उभा करतो आणि ऐकतो फक्त. मी म्हटलं, "फिरा. आता तुम्ही धरा."

माझी बंडी पिवळट होती, पण चालली. त्यांनी झारा धरला आणि माझ्या डाव्या खांद्याच्या टोकाकडे नजर लावली. मान थोडी इकडं, थोडी तिकडं करून पाहिली. मग म्हणाले, "हव. आहे. चावलेला आहे." तो "हव" छत्तीसगढीतला, इथलं माणूस मनातलं बोलतं तेव्हा बोली बदलते.

आजूबाजूचे लोक जमले. एका बाईनं तिच्या नवऱ्याला पुढं ढकलून त्याच्या पाठीवर ग्रहण मागितलं. दोघांनी आपली पाठ स्वतःहून दिली. सूर्य खाली गेला तसे ठिपके फिके झाले, तांबडे झाले, आणि चावलेले असतानाच विझले. ग्रहण सुटायच्या आधीच सूर्य बुडाला.

घरी आलो. दारात अंगावर पाणी घेतलं. इहीणबाईंनी झारा पाहिला. पुढं काय झालं ते लिहीत नाही, कारण काही हिंदी होतं आणि काही मला समजलं. वंदनानं फक्त विचारलं, "बाबा, पाहिलं का सूर्याकडे?"

"एक नजर," मी म्हटलं. मला वाटलं ती ओरडेल. ती बसली. म्हणाली, "आता सकाळीच कळेल." मग इवाई म्हणाले, "हव. मलेही सकाळीच कळलं होतं." कोणी जास्त जेवलं नाही. अइरसा, म्हणजे आपला अनारसाच, पण थोडा जाड, माझ्या ताटात होता तसा राहिला. मी हट्टी माणूस आहे, देवाकडे काही मागत नाही. त्या रात्री मागितलं.

बुधवार

जाग आली तेव्हा बाहेर राउतांचा, म्हणजे इथल्या गवळ्यांचा, ढोल वाजत होता, गोवर्धनपूजेचा. मी डोळा मिटूनच उठून बसलो. उघडायची हिंमत होत नव्हती. मग उघडला आणि समोर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका आकड्याकडे सरळ पाहिलं. आकडा जागेवर होता. पूर्ण. त्याच्या मधलं पोटही दिसत होतं. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे होते. मी हाक मारली नाही, पण वंदना दाराआडच उभी होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि पदर डोळ्याला लावून चहा ठेवायला गेली.

बाहेर ओसरीवर इवाई दाढी करत होते. आरसा समोर टांगलेला, पण त्यात पाहत नव्हते. डाव्या हाताच्या बोटांनी गाल चाचपायचे आणि उजव्यानं वस्तरा फिरवायचे. हनुवटीखाली पांढरे पुंजके राहून गेले होते, नाकाखाली तर अर्धी मिशीच. सणाचा दिवस. त्यांच्या घरात कोणी त्यांना हे सांगत नसेल, वाईट वाटेल म्हणून.

मी म्हटलं, "द्या इकडं."

"अवो इवाईबुवा, तुम्ही पाहुणे. मुलीचे बाप. असं कुठं राहते?"

"राहते. बसा खाली."

त्यांना पाटावर बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उजव्या भुवईत एक जुना व्रण आहे, खालच्या ओठाला तीळ आहे. त्यांची नजर सवयीनं माझ्या कानाकडे गेली.

"कापलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. हलू नका, बोलू नका, मी पाहून राहिलो," म्हटलं, आणि साबणाचा ब्रश भिजवून पहिल्यापासून सुरुवात केली.